नेटचा कोटा मुरतो कुठे? वाचकांचे प्रश्न

या वेळी घरच्या इंटरनेटच्या मासिक मर्यादेबद्दल, म्हणजे कंपन्या जिला एफयूपी म्हणतात तिच्याबद्दल, नाशिक आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. सुरुवातीलाच दोन आकडे ध्यानात घ्या. 'अनलिमिटेड' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, म्हणजे रोजचे ११० जीबी. फाइव्ह-जीवर चालणाऱ्या बिनतारी घरगुती कनेक्शनला ती बहुधा १००० जीबी असते, म्हणजे रोजचे जेमतेम ३३. मर्यादा ओलांडली की नेट बंद होत नाही, स्पीड पाडला जातो.

प्रश्न (दिंडोरी तालुका, द्राक्षबागायतदार): बागेवर फायबर पोहोचत नाही म्हणून फाइव्ह-जीचं बिनतारी कनेक्शन घेतलं, मर्यादा १००० जीबी. त्यावर चार कॅमेरे आणि राखणदाराचा मोबाइल, एवढंच चालतं. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर जातं. तरी दर महिन्याला बाराव्या दिवसाच्या आसपास स्पीड पडतो. कोणी वायफाय चोरून वापरत असेल का?

उत्तर: चोरीचा संशय सध्या बाजूला ठेवा, कारण तुमच्या कॅमेऱ्यांचाच हिशोब बरोबर बारा दिवसांवर येतो.

१ एमबीपीएसने अखंड चालणारी कुठलीही गोष्ट दिवसाला १०.८ जीबी खाते, ३० दिवसांत ३२४ जीबी. हा एक आकडा पाठ असला की निम्मे हिशोब तोंडी होतात. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा पूर्ण दर्जावर साधारण २ एमबीपीएस पाठवतो. चार कॅमेऱ्यांचे झाले ८ एमबीपीएस, म्हणजे दिवसाला ८६.४ जीबी. या वेगाने १००० जीबी बाराव्या दिवशी संपतात. आपण काही डाउनलोड करत नाही, मग कोटा कसा जाईल, असं अनेकांना वाटतं. पण बहुतेक कंपन्या अपलोड आणि डाउनलोड दोन्ही मिळून मोजतात आणि कॅमेऱ्याचं सगळं काम अपलोडचं असतं.

उपाय सरळ आहे. रेकॉर्डिंग शेडवरच ठेवा. एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग जागेवरच साठवणारा डबा) आणि २ टीबीची, सीसीटीव्हीसाठी बनवलेली हार्ड डिस्क घ्या. याच दर्जावर तिच्यात सुमारे २३ दिवसांचं चित्रण मावतं आणि त्यानंतर जुनं आपोआप पुसलं जाऊन नवं चढतं. कॅमेरा ते एनव्हीआर हा प्रवास शेडच्या शेडमध्येच होतो. कॅमेरे वायफायवर असले तरी तो डेटा इंटरनेटवर जात नाही, त्यामुळे कोट्यात धरला जात नाही. त्यानंतर प्रत्येक कॅमेऱ्याचं क्लाउड रेकॉर्डिंग बंद केलं आहे ना, हे एकेका कॅमेऱ्यात जाऊन बघा. एनव्हीआर बसवला, पण क्लाउड तसंच चालू राहिलं, असं फार ठिकाणी होतं.

बागेत डिस्कच चोरीला जाण्याची भीती असेल आणि म्हणून क्लाउड हवंच असेल, तर तिथे 'मेन स्ट्रीम'ऐवजी (पूर्ण दर्जाच्या चित्राऐवजी) 'सब स्ट्रीम', म्हणजे कमी दर्जाचं चित्र, पाठवा. ५१२ केबीपीएसच्या सब स्ट्रीमवर चार कॅमेऱ्यांचे दिवसाला सुमारे २२ जीबी होतात, महिन्याला ६६० च्या आसपास. चेहरा ओळखू येण्याइतका तपशील त्यात नसतो, पण माणूस आला की जनावर, हे कळतं. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये चित्र दाबून लहान करण्याची पद्धत एच.२६४ ऐवजी एच.२६५ निवडा, त्याच दर्जाचं चित्र बऱ्याच कमी डेटात जातं.

'हालचाल झाली तरच रेकॉर्ड' हा पर्याय बागेत मात्र जपून वापरा. घडांना लावलेले कागद वाऱ्याने फडफडतात, आच्छादनाचं प्लास्टिक हलतं, आणि रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांभोवती किडे जमतात. लेन्ससमोर कोळ्याने जाळं विणलं तर जाळ्याचा एक धागा हलला तरी कॅमेऱ्याला ती हालचालच वाटते आणि तो रात्रभर रेकॉर्ड करत राहतो. हालचालीचं क्षेत्र फाटक आणि वाटेपुरतंच आखा, 'फक्त माणूस' ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करा, आणि दर पंधरा दिवसांनी कुंचल्याने लेन्सभोवतीची जाळी काढा.

आणखी एक गोष्ट तपासा. नाशिकच्या घरी जुन्या टॅबवर किंवा टीव्हीवर बागेचं लाइव्ह चित्र दिवसभर लावून ठेवलेलं असतं का? पूर्ण दर्जावर एका कॅमेऱ्याचे १२ तासांत १०.८ जीबी बागेच्या कोट्यातून जातात आणि तेवढेच घरच्या कोट्यातूनही.

प्रश्न (सिडको): रात्री अकरानंतर घरात कोणीही नेट वापरत नाही. सकाळी ॲप बघावं तर रात्रीत २० ते २५ जीबी गेलेले. हे काय असेल?

उत्तर: सगळ्यात आधी टीव्ही बघा. रिमोटने टीव्ही बंद केला, तरी त्याला लावलेला सेट-टॉप बॉक्स किंवा स्टिक चालूच असते. तिच्यावर एचडी वाहिनी तशीच सोडली असेल तर ताशी साधारण ३ जीबी, आठ तासांचे २४ झाले. मालिका-सिनेमांची काही ॲप थोड्या वेळाने 'अजून बघताय का' असं विचारून थांबतात. लाइव्ह वाहिन्या बहुधा थांबत नाहीत. टीव्ही आणि बॉक्स या दोन्हींच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी (एचडीएमआय तारेवरून एकमेकांना चालू-बंद करण्याची सोय) चालू करा, म्हणजे टीव्हीबरोबर बॉक्सही झोपतो. सीईसीला वेगवेगळ्या टीव्ही कंपन्यांनी स्वतःची वेगळी नावं दिलेली असतात. एचडीएमआयच्या सेटिंगमध्ये शोधा. ते जमत नसेल तर बॉक्सचं बटण थेट बोर्डावरून बंद करा.

दुसरं, फोन चार्जिंगला लागला की फोटो-व्हिडिओंचा बॅकअप सुरू होतो. आयफोनवर ४के, ६० फ्रेम्सचं एक मिनिट सुमारे ४०० एमबीचं असतं. हळदीचा दीड तास शूट केला असेल तर ३६ जीबी झाले, पण ते एक-दोन रात्रींपुरतं. रोज रात्री होणार नाही. तिसरं, विंडोजचा लॅपटॉप उघडा राहिला असेल तर 'विंडोज अपडेट'मधल्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' बघा. तिथे इंटरनेटवरच्या इतर संगणकांशी देवाणघेवाण चालू असेल तर तुमचा संगणक इतरांना अपडेटचे तुकडे पाठवत असतो. ते बंद करा.

प्रश्न (गंगापूर रोड): माझा स्वतःचा राउटर कंपनीच्या कनेक्शनला पीपीपीओईने (युजरनेम-पासवर्ड टाकून जोडण्याच्या पद्धतीने) जोडला आहे. महिन्याअखेर राउटरवर एकूण २८५० जीबी दिसतात, कंपनीच्या ॲपमध्ये ३१००. दोन्हींचा काळ तोच धरला आहे. २५० जीबींची ही तफावत म्हणजे फसवणूकच ना?

उत्तर: तुम्ही काळ जुळवून घेतलात हे उत्तम, कारण बहुतेक तक्रारी तिथेच विरून जातात: कनेक्शनचा महिना १ तारखेला नाही, चालू केल्याच्या तारखेला सुरू होतो. पण तुमच्या आकड्यांत फसवणूक दिसत नाही.

बरेच राउटर जीबी लिहितात, पण मोजतात १०२४ च्या पटीत. कंपन्या सहसा १००० च्या पटीत मोजतात. जीबीच्या पातळीवर हा फरक ७.४ टक्क्यांचा होतो. तुमचे २८५० तिकडच्या मापात ३०६० भरतात. राहिले चाळीस. डेटा लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये जातो, आणि प्रत्येक पॅकेटला पीपीपीओईचे ८ बाइट आणि इथरनेटचे १४ बाइट चिकटतात. मोठ्या पॅकेटवर हे दीड टक्क्याच्या आसपास जातं, लहान पॅकेटवर जास्त. तुमचा राउटर ते बहुधा धरत नाही, कंपनी धरते. ३०६० वर दीड टक्का म्हणजे सुमारे ४५, तुमचे ते चाळीस त्यातच आले.

तरी खात्री करून घ्यायची असेल तर अशी करा. एका रात्री घरातली सगळी उपकरणं वायफायवरून काढा, फक्त एक संगणक तारेने जोडा. कंपनीच्या ॲपमधला आकडा लिहून ठेवा. ज्याचा आकार बाइटमध्ये दिलेला आहे अशी पाच-सहा जीबीची फाइल उतरवा. उबुंटूची आयएसओ फाइल यासाठी सोयीची. उतरवून झालं की राउटर बंद करून पाच मिनिटांनी चालू करा आणि काही तासांनी ॲप पुन्हा बघा. हे बंद-चालू करणं महत्त्वाचं आहे. कंपनीकडे वापराचा आकडा ठरावीक अंतराने किंवा चालू सेशन संपल्यावर नोंदला जातो, म्हणूनच कधी दोन दिवस ॲप जागचं हलत नाही आणि मग एकदम ८० जीबी वाढलेले दिसतात. फाइलच्या आकारापेक्षा दोन-चार टक्के जास्त मोजलं गेलं तर ठीक. दहा टक्क्यांच्या वर गेलं तर लेखी तक्रार करायला तुमच्याकडे भक्कम आधार आहे.

हेच दुसऱ्या बाजूनेही तपासा. स्वस्त राउटरच्या स्टॅटिस्टिक्सच्या पानावर आकडा ४ जीबीच्या पुढे जातच नाही, अशी पत्रं आली आहेत. त्या राउटरमधला मोजणीचा काउंटर ३२ बिटांचा असतो. तो ४.२९ जीबीला भरतो आणि पुन्हा शून्यावरून सुरू होतो. १०० एमबीपीएसने सलग डाउनलोड चालू असेल तर सहा मिनिटांच्या आत एक फेरा पूर्ण होतो. तासाने आकडा बघणाऱ्याला किती फेरे झाले हे कळायला मार्ग नाही. असा राउटर महिन्याच्या हिशोबाला कामाचा नाही.

प्रश्न (कॉलेज रोड, एकत्र राहणारे चार विद्यार्थी): बिल चौघांत सारखं वाटतो, पण दर महिन्याला पंचवीस तारखेनंतर स्पीड जातो आणि एकमेकांवर ढकलाढकली होते. कोण किती वापरतो हे पक्कं कसं कळेल?

उत्तर: प्रत्येकाच्या फोनमधला आकडा गोळा करत बसू नका. फोनच्या बेरजेत टीव्ही, लॅपटॉप, पाहुण्यांचे फोन येत नाहीत. जिथून सगळ्यांचं नेट जातं त्या एकाच ठिकाणी, राउटरवर, उपकरणानुसार मोजायला हवं.

काही महागड्या राउटरमध्ये ही सोय आयती असते. ती नसेल तर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारा राउटर घ्या. घेण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावरच्या यादीत नेमकं मॉडेल आणि व्हर्जन शोधा, आणि निदान १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम असलेलंच घ्या. ८ आणि ६४ चे जुने डबे स्वस्तात मिळतात, पण त्यात हे बसत नाही. 'सिस्टम'मधल्या 'सॉफ्टवेअर'मध्ये आधी यादी अपडेट करून 'ल्युसी-ॲप-एनएलबीडब्ल्यूमॉन' टाका. 'बँडविड्थ मॉनिटर' असं नवं पान येतं, त्यात प्रत्येक उपकरणाचा अपलोड-डाउनलोड वेगळा दिसतो. त्याच्या सेटिंगमध्ये तुमच्या प्लॅनचा महिना ज्या तारखेला सुरू होतो ती तारीख घाला.

आता बिघडतं कुठे ते सांगतो. राउटर कंपनीच्या ओएनटीला (घरात फायबर ज्या डब्याला जोडलेली असते त्याला) जोडला आणि नेटच येईना, तर बहुधा दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ आहे. नव्या राउटरचा बदलून १९२.१६८.२.१ करा. ओएनटीचं स्वतःचं वायफाय बंद करा. नाहीतर कोणीतरी जुन्या नावाच्या वायफायला जोडलेला राहतो आणि त्याचा वापर मोजणीत येतच नाही. 'फायरवॉल'मध्ये 'फ्लो ऑफलोडिंग' चालू असेल तर बराचसा डेटा मोजणीला चुकवून निघून जातो आणि आकडे फारच कमी दिसतात. ते बंद ठेवा. त्याने राउटरच्या प्रोसेसरवर ताण वाढतो, आणि हलक्या राउटरवर ३०० एमबीपीएसचा प्लॅन पूर्ण वेगाने चालणार नाही; आमच्या मते चौघांच्या घरात थोडा वेग सोडून खरा हिशोब मिळणं जास्त मोलाचं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो खासगी मॅक पत्त्यांचा (मॅक पत्ता म्हणजे राउटर ज्यावरून उपकरण ओळखतो तो क्रमांक). अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायच्या नावासाठी वेगळा, बनावट पत्ता वापरतात. तुमच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला दोन नावं असतील तर एकच फोन दोन उपकरणं म्हणून दिसतो. दोन्हींना एकच नाव द्या, किंवा प्रत्येक फोनमध्ये त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन खासगी पत्ता बंद करा. मग पत्त्यांसमोर नावं लिहून ठेवा. ३३०० ची चार भागांत वाटणी ८२५ येते. टीव्ही सामाईक असेल तर त्याचा वापर आधी वजा करून मग वाटा.

प्रश्न (नाशिकरोड): आमच्याकडे वीज वारंवार जाते. प्रत्येक वेळी राउटरची मोजणी शून्यावर येते.

उत्तर: बहुतेक राउटर आकडे रॅममध्ये ठेवतात आणि वीज गेली की ते पुसले जातात. वर सांगितलेल्या एनएलबीडब्ल्यूमॉनचंही मुळात तसंच असतं. राउटरला यूएसबी पोर्ट असेल तर छोटा पेनड्राइव्ह लावून डेटाबेसची जागा तिथे करा आणि साठवण्याचं अंतर २४ तासांऐवजी १ तास ठेवा. राउटरच्या आतल्या फ्लॅशवर दर तासाला लिहायला लावू नका, ती झिजते. ओएनटी आणि राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावला तर प्रश्नच उरत नाही. फक्त दोन्ही ॲडॅप्टरवर छापलेले अँपिअर बेरीज करून तेवढ्या क्षमतेचा घ्या.

प्रश्न (देवळाली कॅम्प): आयफोनवर वायफायचा वापर कुठे दिसतो?

उत्तर: आयफोन तो दाखवत नाही, सेटिंग्जमधले आकडे मोबाइल डेटाचे असतात. त्या वायफायच्या नावापुढच्या 'आय'वर जाऊन 'लो डेटा मोड' चालू करता येतो, त्याने आपोआप होणारे बॅकअप आणि अपडेट थांबतात. अँड्रॉइडवर 'डेटा युसेज'मध्ये वायफायचा वेगळा, ॲपनुसार हिशोब असतो.

प्रश्न (इंदिरानगर): नेट स्लो झालं की कोटा संपला की लाइन बिघडली, हे कसं ओळखायचं? कस्टमर केअरला दोन वेळा फोन केला तर दोन वेगळी कारणं मिळतात.

उत्तर: पहाटे, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास स्पीड टेस्ट करा, शक्यतो तारेने जोडलेल्या लॅपटॉपवर. तिन्ही वेळा जवळपास तोच, सपाट आकडा आला, समजा २ एमबीपीएस, तर कोटा संपला आहे. पहाटे पूर्ण स्पीड आणि रात्रीच कमी येत असेल तर तुमच्या भागातल्या लाइनवर गर्दी आहे. आकडा सारखा वरखाली होत असेल तर लाइनकडे बघा. ओएनटीवरचा एलओएसचा, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा लागला असेल तर फायबर तुटली आहे. रस्ता खोदला की हे हमखास होतं. दिवा ठीक असूनही त्रास असेल तर ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते. ती उणे १५ ते उणे २५ डीबीएममध्ये असेल तर चांगली. उणे २७ च्या खाली गेली, म्हणजे उणे २८-२९ दिसू लागले, तर जोड सैल आहे किंवा केबल कुठेतरी दुमडली आहे.

टेस्ट मात्र पुन्हा पुन्हा करू नका. ३०० एमबीपीएसच्या प्लॅनवर एक टेस्ट पाऊण ते एक जीबी खाते. टॉप-अप मारूनही स्पीड परत आला नाही तर राउटर पाच मिनिटं बंद ठेवा; जुनं सेशन तुटून नवं सुरू झाल्याशिवाय काही कंपन्यांकडे नवी मर्यादा लागू होत नाही.

प्रश्न (पंचवटी, घरगुती मुक्कामाची सोय चालवणारे): २०२७ च्या सिंहस्थात खोल्या भरलेल्या असतील. पाहुण्यांना वायफाय द्यावं लागतं. आमचा स्वतःचा कोटा कसा वाचवायचा?

उत्तर: घरगुती प्लॅनच्या अटी आधी वाचा. व्यवसायासाठी वापर बऱ्याच कंपन्या त्यात नाकारतात. आमचा सल्ला पाहुण्यांसाठी वेगळं व्यावसायिक कनेक्शन घेण्याचाच आहे. मग घरचा कोटा, घरचे कॅमेरे, सगळंच वेगळं राहतं. तोवर 'गेस्ट नेटवर्क' चालू करून प्रत्येक उपकरणाला ५ एमबीपीएसची मर्यादा घाला. त्यात व्हिडिओ कॉल नीट होतो, आणि कोणी सहा तास सलग व्हिडिओ बघितला तरी एका फोनचे १३.५ जीबींच्या वर जात नाहीत. पासवर्ड दर आठवड्याला बदला आणि डब्ल्यूपीएस (राउटरचं बटण दाबून पासवर्डशिवाय जोडण्याची सोय) बंद ठेवा.

प्रश्न (म्हसरूळ): कोटा संपत आल्याचा एकही मेसेज येत नाही. तो पाठवणं कंपनीला बंधनकारक आहे का?

उत्तर: हो. दूरसंचार नियामक ट्रायच्या ३१ ऑक्टोबर २०१६ च्या निर्देशानुसार घरगुती स्थिर ब्रॉडबँडच्या ग्राहकाला वापर ५०, ९० आणि १०० टक्के झाला की प्रत्येक वेळी एसएमएसने किंवा नोंदवलेल्या ई-मेलवर कळवायला हवं. मर्यादा संपल्यावर किती स्पीड मिळेल हेही आधीच सांगायला हवं, आणि २०१६ च्या त्या निर्देशात तो ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये असं म्हटलं होतं.

पण आधी कंपनीच्या ॲपमध्ये तुमच्या खात्यावर नोंदवलेला मोबाइल नंबर बघा. कनेक्शन जोडायला आलेल्या माणसाने स्वतःचा नंबर टाकलेला असतो, किंवा घरातला जुना, बंद पडलेला. मेसेज तिकडे जात राहतात. नंबर बरोबर असूनही मेसेज येत नसतील तर तक्रार नोंदवून तिचा डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घ्या. त्याने काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे लेखी अपील करा. त्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो आणि अपिलाला पैसे पडत नाहीत. त्याबरोबर त्या महिन्याचे ॲपमधले स्क्रीनशॉट तारखेसह जोडा आणि दिवसनिहाय वापराचा तपशील मागा. तिथेही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग आहेतच.